स्पूफिंगचे प्रकार: नाव खोटं, पण उत्तर कुणाकडे जातं?

राऊटरराव (धागालेखक)

'माझ्याच पत्त्यावरून मला धमकीची मेल आली, म्हणजे अकाउंट हॅक झालं का?' या प्रश्नावर इथे मध्यंतरी बरीच हाणामारी झाली. हॅकिंग, फिशिंग आणि स्पूफिंग हे तिन्ही शब्द सगळे एकाच अर्थाने वापरत होते. म्हणून हा वेगळा धागा.

स्पूफिंग म्हणजे तोतयेगिरी. यंत्राने, माणसाने किंवा नुसत्या सिग्नलने आपण दुसरंच कुणी असल्याचं भासवायचं. प्रकारांच्या याद्या नेटवर ढिगाने आहेत: आयपी, एआरपी, डीएनएस, ईमेल, कॉलर आयडी, एसएमएस, जीपीएस. यादी पाठ होते, डोक्यात मात्र काही शिरत नाही. मी प्रत्येक प्रकाराला एकच प्रश्न विचारतो. खोटं नाव सांगून झाल्यावर समोरच्याचं उत्तर कुणाकडे जातं? ज्याचं नाव चोरलं त्याच्याकडे, तोतयाकडे, की उत्तर द्यायची सोयच नाही? तोतयाला काय साधेल आणि तो कुठे अडकेल, हे दोन्ही त्यावरून बऱ्यापैकी कळतं.

आयपीपासून, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्राच्या पत्त्यापासून, सुरुवात करू. पॅकेटच्या (पाठवायच्या माहितीच्या तुकड्याच्या) हेडरमध्ये, म्हणजे वरच्या पट्टीत, 'कुणाकडून' हा रकाना पाठवणारं यंत्र स्वतःच भरतं. वाटेतले राऊटर 'कुणाकडे' एवढंच बघून पॅकेट पुढे ढकलतात. म्हणजे खोटा पत्ता लिहायला काही अक्कल लागत नाही. पण उत्तर जातं त्या पत्त्याच्या खऱ्या मालकाकडे, आणि टीसीपीचं (आधी जोडणी जुळवून मगच बोलण्याच्या पद्धतीचं) कनेक्शन तर उत्तरातला सिक्वेन्स नंबर परत सांगितल्याशिवाय जुळत नाही. उत्तर दिसतच नाही तर नंबर सांगणार कुठून? अंदाजाने. १९८५ साली रॉबर्ट मॉरिसने दाखवून दिलं की बीएसडी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या तेव्हाच्या आवृत्तीत हा नंबर ओळखता येतो. २५ डिसेंबर १९९४ रोजी सुरक्षा संशोधक त्सुतोमू शिमोमुरा यांच्या मशीनवर झालेला, हॅकर केविन मिटनिक प्रकरणातला गाजलेला हल्ला याच वाटेने झाला. आता हे नंबर यादृच्छिक असतात, त्यामुळे ती वाट जवळपास बुजली आहे.

मग आयपी स्पूफिंग संपलं का? छे. उत्तर भलत्याकडे जाणं हेच ज्याला हवं आहे त्याचं चांगलंच फावलं. यूडीपी या टीसीपीच्या साध्या भावंडात आधी जोडणी जुळवायची पद्धतच नाही. 'कुणाकडून'च्या रकान्यात सावजाचा पत्ता लिहायचा, जगभरातल्या उघड्या डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या) किंवा एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरना चिमूटभर प्रश्न विचारायचे, आणि उत्तरांचा लोंढा सावजाच्या अंगावर. फेब्रुवारी २०१८मध्ये गिटहब या कोड साठवायच्या साइटवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला, तो असाच मेमकॅश्ड (माहिती झटपट देण्यासाठी मेमरीत ठेवणाऱ्या) सर्व्हरकडून परावर्तित झालेला होता. गंमत म्हणजे मधल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) सावजाचाच पत्ता दिसतो. अनुभव नसलेला अ‍ॅडमिन तोच पत्ता ब्लॉक करून मोकळा होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

यावरचा इलाज मे २००० पासून लिहून ठेवलेला आहे, बीसीपी ३८ या नावाने. आपल्या नेटवर्कमधून बाहेर पडणाऱ्या पॅकेटवर आपल्या हद्दीतला पत्ता नसेल तर ते दारातच टाकून द्यायचं. पण हे करण्याची मेहनत एकाची आणि फायदा दुसऱ्याचा, म्हणून आजही सगळे करत नाहीत. माझ्या मते हा तंत्राचा प्रश्न नाहीच, दानतीचा आहे.

आता याच्या नेमकं उलट, एआरपी. लॅनमध्ये, म्हणजे घरातल्या-ऑफिसातल्या नेटवर्कमध्ये, 'या आयपीचं हार्डवेअर कुणाचं?' असं विचारलं जातं आणि जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवला जातो. १९८२च्या आरएफसी ८२६ या एआरपीच्या नियमपत्रकात ओळख पटवण्याची काहीही तरतूद नाही. बरीच यंत्रं तर न विचारता आलेलं उत्तरही मुकाट लिहून घेतात. 'गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार) म्हणजे मीच' असं एखाद्या लॅपटॉपने सांगितलं की सगळी वाहतूक त्याच्याकडून जायला लागते. इथे उत्तर थेट तोतयाच्या हातात पडतं, म्हणून हा प्रकार जास्त घातक. बघायचं असेल तर कमांड विंडोत 'एआरपी -ए' (arp -a) मारा. गेटवेच्या आयपीसमोर जो मॅक पत्ता (हार्डवेअरचा नंबर) आहे तोच यादीत आणखी एखाद्या आयपीसमोर दिसला, तर केबल काढा आणि मग चौकशी करा.

बाकीचे प्रकार जाणकारांनी भर घालून पूर्ण करावेत.

कावेरी_म

वाचतेय. पहिल्यांदाच काहीतरी कळलं. डीएनएस यात कुठे बसतं?

शून्य_एक

डीएनएस दोन्हीकडे बसतं, म्हणून मजेशीर आहे.

रिझॉल्व्हर, म्हणजे तुमच्या वतीने नावाचा पत्ता शोधणारा सर्व्हर, खऱ्या सर्व्हरला प्रश्न विचारतो. तोतयाला तो प्रश्न दिसत नाही, पण खऱ्याच्या आधी आपलं खोटं उत्तर पोचवलं तर रिझॉल्व्हर तेच खरं मानतो. अट एकच, उत्तरावरचा व्यवहार क्रमांक जुळला पाहिजे. तो फक्त १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यता. हुकलं तर खरं उत्तर कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) बसणार आणि मुदत संपेपर्यंत तोतयाने हात चोळत बसायचं. त्यामुळे धोका असला तरी सगळे निवांत होते.

२००८मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कॅमिन्स्कीने ही थांबायची अटच उडवली. मूळ नाव विचारायचंच नाही. त्याच डोमेनखालची अस्तित्वात नसलेली नावं विचारायची: क१, क२, क३... प्रत्येक नाव नवीन, म्हणून कॅशमध्ये नाही, म्हणून दर वेळी नवी शर्यत. आणि खोट्या उत्तरासोबत 'या अख्ख्या डोमेनचा सर्व्हर इथे आहे' अशी पुरवणी जोडायची. एकदा नेम लागला की एक नाव नाही, सगळं डोमेनच गेलं. जुलै २००८मध्ये बऱ्याच कंपन्यांनी एकत्र पॅच काढला. त्यात प्रश्न दर वेळी वेगळ्या, यादृच्छिक पोर्टवरून (यंत्राच्या क्रमांक दिलेल्या दारावरून) पाठवायला सुरुवात झाली आणि अंदाज बांधणं हजारो पटींनी अवघड झालं.

म्हणजे राऊटररावांच्या भाषेत: आधी तोतया आंधळा असतो, नेम लागल्यानंतर मात्र सगळे आपल्या पायांनी त्याच्याकडे चालत येतात. पक्का इलाज डीएनएसएसईसी, म्हणजे उत्तरावर सही. डीएनएसच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, रूट झोनवर, २०१०मध्ये सही झाली, पण खालची सगळी डोमेन अजून आलेली नाहीत.

तिरकस

धागा छान, पण आमच्यासारख्या सामान्य माणसाने गेटवे आणि पोर्टचं काय लोणचं घालायचं? मला फोन येतो, स्क्रीनवर बँकेचा नंबर दिसतो. उचलू की नको, तेवढं सांगा.

जुना_एक्स्चेंजवाला

@तिरकस, उचला हो. पण काही सांगायच्या आधी ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेला नंबर स्वतः डायल करा. धागालेखकाचा प्रश्न इथे चपखल बसतो. कॉलर आयडी खोटा असला तरी तुम्ही उलटा केलेला फोन खऱ्या मालकाकडेच जातो. तोतयाला नंबर दाखवता येतो, त्या नंबरवर आलेला फोन घेता येत नाही. म्हणूनच 'फोन ठेवू नका, लाइनवर राहा' हा त्यांचा एवढा आग्रह असतो.

आता हा नंबर खोटा दाखवता येतोच कसा? अनेकांना वाटतं की काहीतरी भयंकर हॅकिंग करावं लागत असेल. मोठ्या कार्यालयात शंभर एक्स्टेंशन असतात आणि बाहेर मुख्य नंबर दिसायला हवा असतो. त्यासाठी 'कॉल करणाऱ्याचा नंबर' हा रकाना ग्राहकाच्या यंत्राला भरू दिला गेला. कंपन्या मोजक्या होत्या आणि एकमेकांना ओळखत होत्या तोवर ते चाललं. इंटरनेटवरून कॉल सुरू झाले आणि तो रकाना कुणालाही भरता यायला लागला.

यावर स्टर-शेकन नावाची पद्धत आहे. कॉल जिथून निघतो ती कंपनी त्यावर डिजिटल सही करते आणि दर्जा लावते. 'ए' म्हणजे ग्राहक आमचा आणि नंबरही त्याचाच. 'बी' म्हणजे ग्राहक आमचा, नंबराचं माहीत नाही. 'सी' म्हणजे कॉल बाहेरून आला, आम्ही फक्त पुढे ढकलला. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१पर्यंत ती बसवणं कायद्याने भाग पडलं. मेख अशी की सही आयपी नेटवर्कवरच टिकते. वाटेत एक जरी जुनं एक्स्चेंज लागलं की ती गळून पडते. आम्ही ज्या यंत्रांवर आयुष्य काढलं त्यांना तिचा पत्ताच नाही.

आणि 'ए' दर्जा म्हणजे माणूस सज्जन असं नाही. स्वतःच्या खऱ्या नंबरावरून गंडा घालणारेही असतातच.

कावेरी_म

मग एसएमएसचं काय? माझ्या फोनवर एकदा खोटा मेसेज खऱ्या ओटीपींच्याच यादीत येऊन बसला होता. तेच नाव, त्याखाली आधीचे सगळे खरे मेसेज. त्यामुळे शंकाच येत नाही.

जुना_एक्स्चेंजवाला

कारण फोन पाठवणारा ओळखत नाही, नाव वाचतो. एसएमएसला नंबराऐवजी ११ अक्षरांपर्यंतचं नाव लावता येतं. नाव तेच आलं की फोन मेसेज त्याच धाग्यात ओवतो. काही देशांत अशी नावं नोंदवणं आता सक्तीचं आहे, तिथे हा प्रकार बराच आटोक्यात येतो.

बघा, अशा नावाला उत्तर पाठवताच येत नाही. म्हणून तोतया उत्तराचा रस्ता मजकुरातच देतो: एक लिंक किंवा 'या नंबरवर फोन करा'. मेसेजमधली शंका घ्यायची जागा तीच, वरचं नाव नव्हे.

दुसरी तऱ्हा म्हणजे खोटा टॉवर. टूजीमध्ये फोन नेटवर्कला आपली ओळख पटवतो, नेटवर्क फोनला काहीच पटवत नाही. थ्रीजीपासून दोन्ही बाजूंनी ओळख पटवावी लागते. म्हणून हे लोक गाडीत छोटं यंत्र ठेवून आसपासच्या फोनना टूजीवर खाली खेचतात आणि थेट मेसेज टाकतात. तो मेसेज कुठल्याही कंपनीच्या चाळणीतून जातच नाही. अँड्रॉइड १२पासून टूजी बंद करायचं बटण आलं आहे. तुमच्या फोनमध्ये असेल तर बंद करून टाका.

दर्यावर्दी

राऊटरराव, तुमचा प्रश्न आमच्या क्षेत्रात लंगडा पडतो. जीपीएसचा रिसीव्हर फक्त ऐकतो, कुणाला उत्तर देतच नाही. मग 'उत्तर कुणाकडे' याला अर्थ काय उरला?

उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर. खाली येईपर्यंत सिग्नल इतका क्षीण होतो की तो अक्षरशः गोंगाटाच्या खाली दबलेला असतो. नागरी सिग्नलचा कोड जाहीर, त्यावर कुलूप नाही. बाजूला उभं राहून तसाच पण जरा जोरकस सिग्नल सोडला की रिसीव्हर त्यालाच चिकटतो.

जॅमिंग आणि स्पूफिंग यांतला फरक बोटीवर काम केलेल्यालाच कळतो. जॅमिंग झालं की अलार्म बोंबलतो, स्क्रीनवर 'पोझिशन नाही' येतं, सगळे धावतात. स्पूफिंगमध्ये सगळं हिरवंगार दिसतं. २०१३मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज यांच्या गटाने भूमध्य समुद्रात 'व्हाइट रोझ ऑफ ड्रॅक्स' या ६५ मीटरच्या नौकेवर, मालकाच्या परवानगीने, हे करून दाखवलं. आधी खोटा सिग्नल खऱ्याशी तंतोतंत जुळवला, मग ताकद हळूच वाढवली, मग पोझिशन थोडी थोडी सरकवली. नौका मार्गावरून ढळल्याचं यंत्राने सांगितलं, म्हणून चालकांनी मार्ग 'दुरुस्त' केला. म्हणजे खरोखर भरकटवलं ते त्यांच्याच हातांनी. अलार्म एकही वाजला नाही.

जून २०१७मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळच्या वीसेक जहाजांना आपण गेलेंझिकच्या विमानतळावर उभे असल्याचं दिसत होतं. ते ढोबळ काम होतं, म्हणून लगेच लक्षात आलं. भीती वाटते ती दोन-चारशे मीटरच्या खोटेपणाची.

राऊटरराव

@दर्यावर्दी, लंगडा पडत नाही. 'उत्तर द्यायची सोयच नाही' हा माझा तिसरा पर्याय होता आणि जीपीएस त्याचा अस्सल नमुना आहे. फोन ठेवून परत लावता येतो, उपग्रहाला परत काय लावणार? म्हणजे उलटतपासणीचा रस्ता बंद. उरतात दोनच वाटा. एक तर सिग्नलवरच सही हवी, नाहीतर दुसऱ्या स्वतंत्र साधनाशी ताळा हवा.

दर्यावर्दी

हे पटलं. ताळ्याची सवय आम्हाला असतेच, असायला हवी. रडारवर दिसणारा किनारा आणि चार्टवरचा किनारा एकमेकांवर बसतो का, खोली चार्टशी जुळते का, दीपगृहाचं बेअरिंग (दिशा) घेतलं तर रेषा कुठून जाते. जीपीएस आणि एआयएस (जहाजांनी आपली जागा प्रसारित करायची यंत्रणा) यांचा ताळा मात्र घेऊ नये. एआयएस आपली जागा जीपीएसकडूनच घेतं, त्यामुळे दोघे मिळून एकच खोटं बोलतील. शिवाय एआयएसवरही सही नाही, कुणीही नसलेलं जहाज नकाशावर उभं करू शकतो. विमानांच्या एडीएस-बीचंही तेच.

सहीबद्दल: युरोपच्या गॅलिलिओने ओएसएनएमए नावाने ती आणली आहे. प्रसारण एकतर्फी असताना सही कशी तपासायची, यावरची त्यांची युक्ती झकास आहे. उपग्रह आधी संदेश आणि त्याचा ठसा पाठवतो. तो ठसा ज्या किल्लीने केला ती किल्ली काही सेकंदांनी नंतर जाहीर करतो. ठसा लावायच्या क्षणी तोतयाकडे किल्ली नसते आणि किल्ली मिळते तेव्हा तिचा उपयोग संपलेला असतो. अट एवढीच की रिसीव्हरला स्वतःचं घड्याळ साधारण बरोबर ठाऊक हवं. मात्र खरा सिग्नल पकडून, किंचित उशीर करून तसाच परत सोडला तर सही खरीच निघते. तो दरवाजा यानेही पूर्ण बंद होत नाही.

मेलमास्तर

ईमेलवर कुणीच लिहिलं नाही, आणि धागा तर ईमेलवरूनच सुरू झाला! घ्या.

मेलला दोन 'प्रेषक' असतात. एक पाकिटावरचा, जो सर्व्हर एकमेकांना सांगतात. दुसरा आतल्या कागदावरचा, जो तुम्हाला दिसतो. एसएमटीपीच्या (मेल पाठवायच्या पद्धतीच्या) मूळ नियमांत या दोघांनी जुळायलाच हवं असं कुठेही नाही. आतल्या कागदावर तुमचा स्वतःचा पत्ता लिहिणं एका ओळीचं काम आहे. धमकीची मेल 'तुमच्याच पत्त्यावरून' आली ती अशी. अकाउंट हॅक झाल्याचा तो पुरावा नाही.

नंतर तीन ठिगळं लावली गेली. एसपीएफ पाकिटावरचं डोमेन बघतं आणि पाठवणारा सर्व्हर त्या डोमेनच्या यादीत आहे का ते तपासतं. डीकेआयएम मजकुरावर सही करतं. डीमार्क विचारतं की यातलं जे पास झालं ते वाचणाऱ्याला दिसणाऱ्या पत्त्याच्या डोमेनशी जुळतं का. हे तिसरं नसेल तर पहिली दोन जवळपास शोभेची. मागे एक संशयास्पद मेल उघडून बघितली, तिच्या हेडरमध्ये असं होतं:

एसपीएफ: पास
डीकेआयएम: पास
डीमार्क: फेल

घाईत बघणारा दोन पास बघून निश्चिंत होतो. पण पास कुणाचं डोमेन झालं? तोतयाचं स्वतःचं! त्याने पाकिटावर आपलंच डोमेन लिहिलं, आपल्याच किल्लीने सही केली, आणि आतल्या कागदावर मात्र दुसऱ्याचं नाव टाकलं.

डीमार्क लावूनही धोरण 'काही करू नका, फक्त अहवाल पाठवा' एवढ्यावरच ठेवणारी डोमेन पुष्कळ आहेत. वर्षानुवर्षं अहवाल येतात आणि कुणी उघडत नाही. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने ठोक मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचं केलं, तेव्हा कुठे लोकांनी हालचाल केली.

आणि यातलं काहीही मिळत्याजुळत्या नावापुढे चालत नाही. एका ठिकाणी पुरवठादाराच्या नावाने 'आमचं बँक खातं बदललंय' अशी मेल आली. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, सगळं पास. डोमेनमध्ये 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी-शेजारी होते. रोमन लिपीत, बारीक टायपात, ते हुबेहूब 'एम' दिसतं. त्या डोमेनचा कायदेशीर मालक तोतयाच, त्यामुळे तपासणीत खोट काही सापडणारच नाही. आणि राऊटररावांच्या प्रश्नाला इथे सगळ्यात वाईट उत्तर आहे: रिप्लाय केला तरी तो तोतयाकडेच जातो. हिशेबनीसबाईंनी 'नक्की का?' असं विचारलं होतं. 'हो, नक्की' असं उत्तरही आलं.

शून्य_एक

+१. याचाच थोरला भाऊ म्हणजे दुसऱ्या लिपीतली सारखी दिसणारी अक्षरं. २०१७मध्ये एका संशोधकाने सगळी अक्षरं सिरिलिक (रशियन लिपीतली) वापरून ॲपलच्या नावाचं डोमेन घेऊन दाखवलं होतं. पत्त्याच्या पट्टीत काहीही फरक दिसत नव्हता आणि कुलूपही होतं. कुलूप म्हणजे 'बोलणं गुप्त आहे' एवढंच, समोरचा कोण आहे याची हमी नाही. क्रोमने २०२३मध्ये ते चिन्हच काढून टाकलं, ते बरं केलं.

तिरकस

बीजीपी (नेटवर्कनी एकमेकांना पत्त्यांचे रस्ते सांगायची पद्धत) राहिलं का? २००८मध्ये पाकिस्तानातून यूट्यूब जगभर बंद पडलं होतं ते?

राऊटरराव

त्याला हायजॅकिंग म्हणतात, पण जातकुळी तीच. पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांपैकी एक छोटा तुकडा आपला असल्याचं जाहीर केलं. देशापुरता बंद करायचा होता, ती घोषणा देशाबाहेर गळली, आणि राऊटर नेहमी जास्त नेमक्या तुकड्याला मान देतात. एप्रिल २०१८मध्ये मात्र मुद्दाम, अ‍ॅमेझॉनच्या डीएनएस सेवेचे पत्ते असेच पळवून लोकांना खोट्या क्रिप्टो वॉलेटच्या साइटवर नेलं. ब्राउझर सर्टिफिकेटबद्दल इशारा देत होता. ज्यांनी 'तरीही पुढे जा' दाबलं त्यांचे पैसे गेले.

निशिगंधा

मॅक पत्ता बदलणं पण यातच येतं ना? माझा फोन तर ते आपणहून करतो.

शून्य_एक

येतं, आणि तो आपल्या फायद्याचा प्रकार. फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक पत्ता दाखवतो, म्हणजे जागोजागी तुमचा माग काढता येत नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून ते आपोआप चालू असतं. ऑफिसच्या वायफायने तुम्हाला अचानक ओळखणं बंद केलं तर आधी हे बघा. मॅकवरून माणूस ओळखायचा प्रयत्न करणाऱ्या अ‍ॅडमिनबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

तिरकस

आणि आवाज? हुबेहूब ओळखीच्या माणसाचा आवाज काढून पैसे मागतात म्हणे.

जुना_एक्स्चेंजवाला

तेच सूत्र. ठेवा, आणि तुमच्याकडे साठवलेल्या नंबरवर परत लावा. आवाज कितीही हुबेहूब असू दे, तो नंबर त्याच्याकडे वाजत नाही.

मेलमास्तर

लॉगिनपुरता तरी एक बरा इलाज आहे, पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी तुमच्या यंत्रात ठेवलेली किल्ली. खोट्या पानावर तुम्ही पासवर्ड आणि ओटीपी टाकलात तर तोतया तो त्याच मिनिटाला खऱ्या साइटवर वापरतो. ओटीपी तिथे काही वाचवत नाही. पासकीत उत्तर कुणाला द्यायचं हे तुमच्या डोळ्यांवर सोडलेलंच नसतं. ब्राउझर डोमेन बघतो, नोंदवलेल्या डोमेनशी तंतोतंत जुळलं तरच सही करतो. 'आर-एन'ने तुम्ही फसाल, ब्राउझर फसत नाही.

कावेरी_म

मेलमास्तर, ते पास-फेल हेडरमध्ये मला कुठे दिसेल? जीमेल वापरते. मोबाइलवर शोधलं, सापडत नाहीये.

मेलमास्तर

मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये नाही दिसणार. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये मेल उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा, 'मूळ दाखवा' निवडा. वरच्याच तक्त्यात तिन्ही ओळी येतील. डीकेआयएमच्या ओळीत कुठलं डोमेन लिहिलंय तेही वाचा, नुसतं 'पास' वाचून थांबू नका.

कावेरी_म

दिसलं. ती धमकीची मेल अजून स्पॅममध्ये पडून होती. डीमार्क फेल, आणि डीकेआयएमच्या ओळीत भलतंच डोमेन आहे.